पेवाचे तोंड बंद करणारा सोंड्या

मृगाचा पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत बांधावर, गावठाणात, शाळेच्या कुंपणाशी गाजरगवताची कोवळी रोपे दाटीने उगवतात. उपटून, कापून, तणनाशक मारून थकलेला शेतकरी मग विचारतो, "याचं बीच खाऊन टाकणारा एखादा किडा नाही का?"

असा किडा आहे. तो सोंड असलेला एक चिमुकला भुंगेरा आहे आणि चाळीसेक वर्षांपूर्वी तो भारतात आणलाही गेला होता. तरी आज जालना जिल्ह्यातल्या गाजरगवतावर तो दिसत नाही. तो का रुजला नाही, असे भुंगेरे काम कसे करतात, दुसऱ्या देशांत त्यांनी काय साधले आणि तो नसताना आपण काय करायचे, हे या प्रकरणात पायरीपायरीने पाहू.

१. बियाण्यांच्या गावात बी खाणारा मित्र?

जालन्याची ओळख बियाण्यांवर उभी आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी इथे भेंडीच्या 'पुसा सावनी' वाणाच्या बियाण्यापासून सुरुवात केली, १९६४ मध्ये महिको ही कंपनी काढली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुढे या शहरात एकामागून एक बियाणे कंपन्या उभ्या राहिल्या. जवळच बदनापूरला कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे आणि तिथले तुरीचे वाण मराठवाडाभर पेरले जातात.

अशा भागात बी खाणारा किडा म्हटले की आधी कपाळाला आठ्या पडतात, आणि ते साहजिक आहे. साठवलेल्या तुरीला भुंगेरा लागला की दाण्यादाण्याला भोक पडते. गव्हा-ज्वारीला सोंडे लागले की कणगीच्या तळाशी पीठ साचते. म्हणून बी खाणाऱ्या किड्याला आपण शत्रू ठरवून टाकलेले असते.

पण तो कोणाचे बी खातो, यावर सगळे अवलंबून आहे. बी खाणारे बहुतेक किडे फार चोखंदळ असतात. एकाच जातीच्या किंवा जवळच्या दोन-चार जातींच्या झाडांवर त्यांची पिढ्यान् पिढ्या गुजराण चालते. ते झाड आपले पीक असेल तर तो किडा कीड ठरतो आणि ते तण असेल तर तोच कामाला येतो. तणाच्या नैसर्गिक शत्रूकडून तणाचा बंदोबस्त करून घेण्याच्या या पद्धतीला जैविक नियंत्रण म्हणतात.

२. गाजरगवताचे पेव

गाजरगवत मूळचे मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या प्रदेशातले. १९५० च्या दशकाच्या मध्यात पुण्यात त्याची नोंद झाली. परदेशातून आयात केलेल्या गव्हाबरोबर ते आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यानंतर काही दशकांतच ते देशभर पसरले. अंगाला लागले की खाज आणि पुरळ, परागकणांमुळे शिंका आणि दमा, जनावरांनी खाल्ले तर दुधाला कडवटपणा, असे त्याचे ताप आपण सगळे जाणतो.

या तणाचे बळ त्याच्या बियांत आहे. उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत ते फुलावर येते. प्रत्येक बारीक पांढऱ्या फुलात पाच बिया धरतात आणि चांगल्या वाढलेल्या एका झाडाला साधारण १५ ते २५ हजार बिया येतात. बी एक-दोन मिलिमीटरचे आणि अगदी हलके असते. ते वाऱ्याने उडते, पाटाच्या पाण्यातून वाहते, ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटून दुसऱ्या शिवारात पोहोचते. ओल मिळाली की वर्षात तीन-चार पिढ्याही होतात.

बी जमिनीत पडल्यावर काय होते, ते समजायला मराठवाड्यातले जुने पेव डोळ्यासमोर आणा. पूर्वी ज्वारी जमिनीत खोदलेल्या पेवात भरत आणि तोंड बंद करत. लागेल तसे थोडे धान्य काढायचे, नवे पीक आले की पुन्हा भरायचे. गाजरगवताचेही आपल्या मातीत असेच पेव असते. दर हंगामात वरून बी पडते, त्यातले थोडे उगवते, थोडे कुजते किंवा मुंग्या नेतात आणि उरलेले खाली शिल्लक राहते. पृष्ठभागावरचे बी लवकर मरते, पण मातीत गाडले गेलेले बी बरीच वर्षे उगवण्याजोगे राहते. ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांत पाच-सहा वर्षे पुरून ठेवलेल्या बियांपैकीही मोठा हिस्सा जिवंत निघाला.

बांधावरचे सगळे गाजरगवत एकदा कापले तरी पुढच्या पावसात ते पुन्हा का उभे राहते, याचे कारण हे पेव आहे. आपण कापतो ते पेवातून वर आलेले थोडेसे. पेव खरोखर रिकामे करायचे तर वरून पडणारे बी थांबवावे लागते, आणि बी खाणाऱ्या किड्याचे काम नेमके या तोंडापाशी चालते.

३. सोंड्या म्हणजे कोण?

भुंगेऱ्यांच्या असंख्य कुळांत सोंड असलेल्यांचे एक अवाढव्य घराणे आहे. त्यांच्या साठ हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. धान्यातले सोंडे याच घराण्यातले. डोक्याचा पुढचा भाग लांबट होऊन त्याची सोंड झालेली असते. हत्तीची सोंड म्हणजे नाक, पण या किड्याच्या सोंडेच्या टोकाला तोंड असते आणि त्यात दोन बारीक जबडे. सोंडेच्या दोन्ही अंगांना कोपरात वाकलेल्या मिशा असतात.

ही सोंड मादीचे अंडी घालण्याचे अवजार आहे. ती सोंडेने कळीला, कोवळ्या फळाला किंवा दाण्याला भोक पाडते, वळते आणि त्या भोकात अंडे ठेवते. काही जातींच्या माद्या वरून भोक लिंपूनही टाकतात. अंड्यातून पांढरट, बिनपायांची, अर्धगोल वाकलेली अळी निघते. तिला पाय लागतच नाहीत, कारण तिचा जन्मच अन्नाच्या आत होतो. ती आतले बी खाते, मोठी होते, कोषात जाते आणि प्रौढ भुंगेरा होऊन बाहेर पडते.

अंडे, अळी, कोष, प्रौढ अशा या चार अवस्था. बी खाणारा सोंड्या बियांचा बहुतेक नाश अळीच्या अवस्थेत करतो आणि तोही बाहेरून न दिसणारा. झाड हिरवेगार उभे असते, फुलेही येतात, पण आतले बी पोकळ असते. म्हणूनच शेतकऱ्याला अशा किड्याचे काम नजरेत भरत नाही.

४. सराट्याचा सोंड्या: तीन आठवड्यांची पिढी

गाजरगवताच्या सोंड्याकडे वळण्याआधी एका अधिक परिचित तणावरचा सोंड्या पाहू, कारण त्याचे जीवनचक्र दिवसांच्या हिशेबात नीट अभ्यासले गेले आहे. हे तण म्हणजे सराटा, वैद्यांच्या भाषेत गोखरू. जमिनीला चिकटून पसरणारा वेल, पिवळी फुले, आणि चपलेत, सायकलच्या चाकात, बैलाच्या खुरात घुसणारे काटेरी फळ. हे फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात दोन-चार बिया असतात.

सराटा आपल्याकडे जुनाच आहे. अमेरिकेत मात्र तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहुधा मेंढ्यांच्या लोकरीबरोबर, चुकून गेला आणि पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत फोफावला. तिथे त्याला खाणारे कोणी नव्हते. मग शास्त्रज्ञांनी त्याच्या मूळ प्रदेशातले शत्रू शोधले. मायक्रोलॅरिनस वंशातले दोन सोंडे सापडले. मायक्रोलॅरिनस लॅरेनी हा बी खाणारा आणि मायक्रोलॅरिनस लिप्रिफॉर्मिस हा खोड पोखरणारा. भारत, फ्रान्स आणि इटली हे त्यांचे मूळ प्रदेश मानले जातात. १९६१ मध्ये इटलीतून आणून ते अमेरिकेत सोडण्यात आले.

बी खाणाऱ्या सोंड्याची एक पिढी अशी जाते:

अंडे. मादी कोवळ्या हिरव्या सराट्याला किंवा फुलाच्या कळीला सोंडेने भोक पाडते, आत अंडे घालते आणि आपल्या विष्ठेने भोक बुजवते. दोन-तीन दिवसांत अंडे फुटते.

अळी. ती फळाच्या आत एकामागून एक बिया खाते. हा काळ १३ ते १६ दिवसांचा.

कोष. अळी फळाबाहेर येत नाही. पोकळ झालेल्या फळातच तिचा कोष होतो आणि चार-पाच दिवसांत प्रौढ तयार होतो.

प्रौढ. चार-पाच मिलिमीटर लांबीचा, करडा-तपकिरी सोंड्या भोक पाडून बाहेर पडतो.

अंड्यापासून प्रौढापर्यंत १९ ते २४ दिवस. उबदार हवामानात एका हंगामात अशा अनेक पिढ्या होतात. थंडीत प्रौढ वाळलेल्या पाचोळ्याखाली दडून राहतात. कडाक्याच्या हिवाळ्यात त्यांतले बरेच मरतात, म्हणून अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत त्यांचा जोर राहत नाही. उलट हवाई बेटांवर १९६२ मध्ये सोडल्यावर दोन्ही सोंड्यांनी मिळून सराट्याचा चांगलाच बंदोबस्त केला.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवा. हवाईत बी खाणारा एकटा नव्हता, त्याच्याबरोबर खोड पोखरणाराही होता. या जोडीचे महत्त्व पुढे पुन्हा येणार आहे.

५. गाजरगवताचा सोंड्या: पावसाची वाट पाहणारा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गाजरगवताचे बी खाणारा सोंड्या म्हणजे स्मायक्रोनिक्स ल्युट्युलेंटस. तो मेक्सिको आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतला, म्हणजे गाजरगवताच्याच माहेरचा. आकाराने जेमतेम दोन-तीन मिलिमीटर.

त्याचे चक्र सराट्याच्या सोंड्यासारखेच सुरू होते. मादी गाजरगवताच्या कळीत अंडे घालते. अळी धरू लागलेल्या बीत शिरते आणि त्या एकाच बीवर तिचे पोषण होते. एक अळी, एक बी. त्यापुढे मात्र वाट बदलते. वाढ पुरी झालेली अळी बीमधून बाहेर पडते, जमिनीवर गळते आणि मातीत शिरते. तिथे तिचा कोष होतो. कोरडा काळ किडा मातीतच काढतो आणि पाऊस पडून गाजरगवत पुन्हा उगवू लागले की नवी पिढी वर येते.

या व्यवस्थेमागचे कारण सोपे आहे. गाजरगवत पावसावर जगणारे, अल्पायुषी तण आहे. पाऊस नसेल तर कळी नाही, कळी नसेल तर अन्न नाही. अशा झाडावर पोट भरणाऱ्या किड्याला उपाशी महिने कुठेतरी काढावेच लागतात. मातीतली ओल आणि पावसाची वेळ यांवर त्याचे सारे गणित बसलेले असते.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये गाजरगवत गुरांच्या कुरणांत माजले होते. तिथे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हा सोंड्या सोडला. बराच काळ तो रुजला नाही, असेच वाटत होते. नंतर तो मोठ्या भागात पसरलेला आढळला. ऑस्ट्रेलियाने गाजरगवतावर एकूण नऊ कीटक आणि तांबेऱ्याच्या दोन बुरशा सोडल्या. कोणी पाने खाते, कोणी खोड पोखरते, कोणी मूळ, आणि हा सोंड्या बी. दक्षिण आफ्रिकेनेही २०१० च्या दशकात तोच मार्ग धरला.

६. भारतात तो का रुजला नाही?

भारतात हे काम बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेत झाले. १९८३ ते १९८५ या काळात तीन कीटक आणले गेले आणि तिघांचे नशीब वेगवेगळे निघाले.

पहिला पाने खाणारा भुंगेरा, झायगोग्रामा बायकोलोराटा. तो १९८३ मध्ये मेक्सिकोतून आला, चाचण्यांत उतरला आणि १९८४ मध्ये शिवारात सोडला गेला. आपण ज्याला मेक्सिकन भुंगा म्हणतो तो हाच.

दुसरा खोड पोखरणारा पतंग, एपिब्लेमा स्ट्रेन्युआना. चाचणीत दिसले की तो कारळ्याच्या झाडावरही आपले जीवनचक्र पूर्ण करू शकतो. आपल्या चटणीतले कारळे हे पीक गाजरगवताचे दूरचे नातेवाईक आहे. म्हणून त्या पतंगाचे प्रयोगशाळेतले सारे किडे नष्ट केले गेले.

तिसरा आपला सोंड्या, स्मायक्रोनिक्स. तो कुठल्या पिकावर गेला म्हणून बाद झाला असे नाही. प्रयोगशाळेत त्याची पैदासच होईना. त्याला कळ्या हव्यात, त्याही योग्य वयाच्या, मग अळीला माती हवी आणि वर येण्यासाठी योग्य वेळी ओल हवी. एवढ्या अटी पिंजऱ्यात जुळवणे कठीण असते. पाने खाणाऱ्या भुंग्याला रोज ताजी पाने टाकली की भागते, पण कळीत जन्मून मातीत झोपणाऱ्या किड्याचे तसे नाही. शिवारात सोडण्याइतकी संख्या तयार झाली नाही आणि सोंड्याचे प्रकरण तिथेच थांबले.

७. जालन्यात आहे तो मेक्सिकन भुंगा

बी खाणारा नाही, पण पाने खाणारा मेक्सिकन भुंगा आपल्याकडे आहे. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या भुंग्यांची पैदास करून पावसाळ्यात ते शेतकऱ्यांना पुरवते. भुंगा सुमारे सहा मिलिमीटरचा, पांढुरका आणि पाठीवर गडद तपकिरी पट्ट्यांचा. त्याला सोंड नसते.

मादी पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते. चार-पाच दिवसांत पिवळसर अळ्या निघतात आणि शेंड्याची कोवळी पाने खातात. दहा-पंधरा दिवसांनी त्या मातीत उतरून कोषात जातात आणि आणखी आठ-दहा दिवसांत प्रौढ वर येतो. सारे चक्र जवळजवळ एका महिन्यात पुरे होते. एक मादी आपल्या आयुष्यात दोन हजारांपर्यंत अंडी घालू शकते.

आता हे चक्र जालन्याच्या वर्षाशी ताडून पाहा.

जून: पहिल्या पावसाबरोबर मातीत झोपलेले भुंगे वर येतात, पण ते थोडेच असतात. गाजरगवत मात्र हजारोंनी उगवलेले असते.

जुलै: पहिली पिढी तयार होते. लवकर उगवलेली झाडे एव्हाना फुलावर आलेली असतात.

ऑगस्ट-सप्टेंबर: भुंग्यांची संख्या वाढते, झाडांची पाने जाळीदार होतात, काही झाडे नुसता सांगाडा उरतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: भुंगे पुन्हा मातीत जातात आणि मेपर्यंत झोपतात.

भुंगा मागे पडतो ते दोन ठिकाणी. एक म्हणजे जून-जुलैत लवकर फुलणारी झाडे. त्यांचे बी भुंग्यांची फौज उभी राहण्याआधीच जमिनीत पडते. दुसरे म्हणजे हिवाळा-उन्हाळ्यात पाण्यावर वाढणारे गाजरगवत. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांत फिरते, मोसंबीच्या बागांना ठिबक चालू असते. ओल असलेल्या अशा जागी गाजरगवत डिसेंबरातही फुलते आणि त्या वेळी भुंगा मातीत गाढ झोपलेला असतो. नेमके हे सुटलेले बी खाणारा आपल्याकडे कोणी नाही.

८. बी खाल्ले तर तण किती कमी होते?

आता थोडा हिशेब करू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत.

एका बांधाच्या पेवात गाजरगवताचे १०० भाग बी आहे. दर वर्षी त्यातला चौथा हिस्सा, म्हणजे २५ भाग, उगवून किंवा कुजून संपतो. उभ्या झाडांवरून नवे २५ भाग बी पडते. म्हणजे पेव जसेच्या तसे भरलेले राहते.

पहिला प्रसंग. सोंड्याने नव्या बियांपैकी ८० टक्के खाल्ल्या. आता दर वर्षी २५ ऐवजी ५ भाग बी पडते. पहिल्या वर्षाअखेर पेवात उरतील ७५ अधिक ५, म्हणजे ८० भाग. दुसऱ्या वर्षी ६५, तिसऱ्या वर्षी सुमारे ५४. तीन वर्षांत पेव जवळजवळ निम्मे झाले. पण हे असे कायम उतरत नाही. २० भागांवर आले की दर वर्षी ५ संपतात आणि ५ पडतात, म्हणून ते तिथेच थबकते.

दुसरा प्रसंग. एकही नवे बी पडू दिले नाही. मग पेव ७५, ५६, ४२, ३२ असे उतरत आठव्या वर्षी १० भागांवर येते आणि पुढेही उतरतच राहते.

यावरून दोन धडे मिळतात. बी खाणारा किडा यंदाचे तण मारत नाही, पुढच्या वर्षांचे तण कमी करतो. आणि एकट्याच्या बळावर तो तण संपवत नाही. एका झाडाच्या १५ हजार बियांपैकी ८० टक्के खाल्ल्या तरी ३ हजार उरतात आणि बांधाचा तो तुकडा पुन्हा भरायला त्यातल्या शंभरात एक उगवली तरी पुरे.

दक्षिण आफ्रिकेत याचा मोठा पुरावा मिळाला. तिथे दक्षिण अमेरिकेतून गेलेले सेस्बानिया पुनिसिया हे झुडूप नदीकाठ व्यापून बसले होते. आपली शेवरी आणि हादगा याच वंशातले. त्याच्यावर तीन सोंडे सोडले. फुलकळ्या खाणाऱ्याने बी धरण्याचे प्रमाण ९८ टक्क्यांहून अधिक घटवले, दुसऱ्याने उरलेल्या बिया खाल्ल्या. तरी उभी झुडपे आपापल्या जागी उभीच होती. तिसऱ्या, खोड पोखरणाऱ्या सोंड्याने ती पाडली आणि मग बी नसल्यामुळे त्यांची जागा घ्यायला नवी रोपे आली नाहीत. उभे झाड मारणारा आणि नवे बी रोखणारा, दोघे एकत्र आले तेव्हाच काम तडीस गेले.

९. सोंड्या चुकीच्या झाडावर गेला तर?

ही शंका प्रत्येक शेतकऱ्याने घेतलीच पाहिजे. सोडलेला किडा परत गोळा करता येत नाही.

उत्तर अमेरिकेत याचा कटू अनुभव आला. युरोपातून गेलेल्या काटेरी तणांवर रायनोसायलस कोनिकस नावाचा बी खाणारा सोंड्या १९६८ मध्ये कॅनडात आणि १९६९ मध्ये अमेरिकेत सोडला. ही तणे आपल्या करडईच्या गोतातली. सोंड्याने तणाचे बी भरपूर खाल्ले. पण त्याच गोतातली तिथली रानटी, निरुपद्रवी झाडेही त्याने धरली, आणि १९९० च्या दशकात त्यांतल्या काही जातींचे बी झपाट्याने घटल्याचे दिसून आले. तो त्या झाडांवर जाऊ शकतो याची कल्पना आधीही होती, पण त्या काळी रानटी झाडांची फिकीर फारशी कोणी करत नसे. आज चाचण्या कितीतरी कडक झाल्या आहेत.

मेक्सिकन भुंग्यावरही एकदा संशय आला होता. तो सूर्यफुलाची पाने कुरतडतो, अशा तक्रारी कर्नाटकातून आल्या. गाजरगवत आणि सूर्यफूल एकाच कुळातले, म्हणून चिंता रास्त होती. भुंगे सोडण्याचे काम थांबवून चौकशी झाली. गाजरगवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले की भुंगा तिथे तोंड लावतो, असे प्रयोगांत दिसले. सूर्यफुलाला त्याच्यापासून खरा धोका नाही, असा निष्कर्ष निघाल्यावर भुंगे पुन्हा सोडले जाऊ लागले.

म्हणून परदेशातून कोणीतरी गुपचूप किडे आणून सोडावेत, असे कोणालाही वाटू नये. कारळे, सूर्यफूल, करडई ही आपली पिके तपासल्याशिवाय कोणताही किडा शिवारात येता कामा नये.

१०. मग आपण काय करायचे?

गाजरगवताचे बी खाणाऱ्याची जागा आपल्याकडे रिकामी आहे, तोवर पेवाचे तोंड आपल्यालाच बंद करावे लागेल. त्यासाठी हे करा.

फुले येण्याआधी, पाऊस पडून माती ओली असताना झाड मुळासकट उपटा. जूनमध्ये उगवलेल्या झाडांसाठी ही वेळ जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात येते. हातमोजे आणि तोंडाला फडके विसरू नका.

फुले न आलेले गाजरगवत खड्ड्यात कुजवून खत करता येते. फुलावर आलेले झाड मात्र खतात टाकू नका, नाहीतर खताबरोबर बीही शेतात पसराल.

पडीक जागी, गावठाणात, रस्त्याकडेला जुलै-ऑगस्टमध्ये मेक्सिकन भुंगे सोडा. एका जागी साधारण पाचशे ते हजार प्रौढ भुंगे लागतात. त्या जागी तणनाशक मारू नका. पहिल्या वर्षी फार फरक दिसणार नाही. दोन-तीन पावसाळे दम धरा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तरोट्याचे बी गोळा करून ठेवा आणि पावसाळ्यापूर्वी गाजरगवताच्या जागी फेका. तरोटा दाट उगवतो आणि गाजरगवताला जागा मिळू देत नाही.

कालव्याच्या कडा, पाट आणि मोसंबीची आळी हिवाळ्यातही पाहत राहा. भुंगा झोपलेला असतो तेव्हा राखण आपली.

जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. तेव्हा फलक लागतात, भाषणे होतात, फोटो निघतात. पण त्या आठवड्यापर्यंत लवकर उगवलेले गाजरगवत फुलून त्याचे बी गळू लागलेले असते. म्हणून आपल्या गावाचा सप्ताह जुलैतच पाळा. फुलण्याआधी उपटलेल्या प्रत्येक झाडामागे पंधरा हजार बिया जमिनीत पडायच्या वाचतात, आणि हे काम करायला परदेशातून कोणी यायची गरज नाही.